सायकलच्या चाकासाठी चपटे स्पोक : निवड कशी करावी?

पहाटे मिरामार ते दोना पावला या पट्ट्यात फेरफटका मारला, तर गेल्या काही वर्षांत गोव्यातील सायकलींचे रूप किती पालटले आहे, हे सहज लक्षात येते. पणजीत २०१९ मध्ये ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा प्रथम झाली. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप. त्यानंतर हलक्या चौकटी, खोल रिम आणि चपट्या पात्यांचे स्पोक या गोष्टी येथील सायकलस्वारांच्या बोलण्यात रुळल्या. चाके नव्याने बांधून घ्यायची वेळ आली की, ‘स्पोक गोल घ्यावेत की चपटे?’ हा प्रश्न आता हमखास निघतो. चपटा स्पोक साध्या स्पोकच्या कैक पटींनी महाग असतो. चुकीची निवड झाली तर पैसे वाया जातातच, शिवाय उतारावर चाकाने दगा देण्याचीही भीती असते. म्हणून या निवडीमागील शास्त्र आणि व्यवहार येथे क्रमाने मांडला आहे.

स्पोकचे काम काय?

बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरा भार पेलतो तो दाबाने. वरचे ओझे खालच्या आऱ्यावर टेकते. सायकलीचा स्पोक ही मात्र बारीक तार आहे. तिला दाबले तर ती वाकेल. तिचे सामर्थ्य ताणात असते. तारा ताणून चाक उभे करण्याची कल्पना इंग्लंडच्या सर जॉर्ज केली यांनी १८०८ च्या सुमारास, विमानाच्या चाकाचा विचार करताना मांडली. पुढे जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये स्पोक हबच्या केंद्रातून सरळ बाहेर न नेता स्पर्शरेषेच्या दिशेने, एकमेकांना ओलांडून जातील असे बसवले. आजही बहुतेक चाके याच पद्धतीने बांधली जातात.

चाक बांधताना प्रत्येक स्पोकला साधारणपणे १०० ते १२० किलो वजनाइतका ताण दिला जातो. स्वार बसला की जमिनीलगतच्या स्पोकचा ताण किंचित कमी होतो आणि चाक पुढे सरकताच तो पूर्ववत होतो. साध्या रस्त्याच्या सायकलीच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर १०,००० किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोक सुमारे ४७ लाख वेळा सैल होतो आणि पुन्हा ताणला जातो. स्पोक तुटतो तो बहुधा एकाच मोठ्या धक्क्याने नव्हे, तर या अखंड चढउताराने धातूला येणाऱ्या थकव्यामुळे. तुटण्याच्या जागाही ठरलेल्या असतात : हबजवळचा वाक किंवा निपलमधील आटे. स्पोकचा मधला भाग क्वचितच तुटतो. म्हणूनच तो बारीक करता येतो आणि चपटाही करता येतो.

वाऱ्याचे गणित

सायकल ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि माथ्यावरचा बिंदू ताशी ८० किलोमीटर वेगाने पुढे जात असतो. म्हणजे माथ्याजवळ येणाऱ्या स्पोकला स्वारापेक्षा बराच अधिक वारा कापावा लागतो. या वेगात चाक सेकंदाला पाचाहून अधिक फेरे घेते. २४ स्पोकच्या चाकात दर सेकंदाला सव्वाशेहून अधिक स्पोक माथ्यावरून जातात.

गोल तार हवेला फार वाईट आकार आहे. तिच्या मागे हवा तुटून भोवरे तयार होतात आणि ते तारेला मागे ओढतात. तीच तार ठोकून पात्यासारखी चपटी केली आणि तिची धार वाऱ्याकडे ठेवली, तर दोन फायदे होतात. वाऱ्यासमोर येणारी रुंदी २ मिलिमीटरवरून ०.९ मिलिमीटरवर येते आणि मागचे भोवरेही आटोक्यात राहतात.

हा फायदा खरा आहे. पण त्याची जागा ओळखली पाहिजे. हवेच्या एकूण रोधापैकी साधारण तीन चतुर्थांश वाटा एकट्या स्वाराच्या शरीराचा असतो. उरलेल्यात चौकट, हँडल आणि चाके येतात आणि चाकांच्या वाट्यात पुन्हा टायर, रिम आणि स्पोक. स्पोकचा आकार बदलून होणारी बचत काही वॅटांच्या घरातली असते. शिवाय हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग निम्मा झाला की ती एक-अष्टमांश होते. ताशी ४० च्या वेगात एखाद्या जोडीने ८ वॅट वाचवले असे धरले, तर ताशी २० च्या वेगात तीच जोडी केवळ १ वॅट वाचवील. बाजारात सायकलवरून भाजी आणणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, हे सांगायला नकोच.

वेळेच्या भाषेत पाहू. हवेचाच रोध प्रमुख असतो तेव्हा शक्तीत १ टक्का बचत झाली, तर वेग सुमारे एक-तृतीयांश टक्क्याने वाढतो. ९० किलोमीटर अंतर तीन तासांत कापणाऱ्या स्वाराचे त्यामुळे सुमारे अर्धे मिनिट वाचेल. पहिल्या दहांत येऊ पाहणाऱ्याला हे अर्धे मिनिट मोलाचे. वेळेत शर्यत पूर्ण करू पाहणाऱ्याला ते पाण्याची बाटली उचलण्यातही निघून जाते.

इतिहासातील दोन उदाहरणे येथे बोलकी आहेत. १९८४ च्या जानेवारीत इटलीच्या फ्रान्चेस्को मोझर यांनी मेक्सिको सिटीत बंद तबकडीची चाके वापरून एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले आणि एडी मर्क्स यांचा १९७२ मधील ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम मोडला. चाकातील हवेचा विचार त्यानंतर सर्वत्र गांभीर्याने होऊ लागला. पण १९८९ च्या ‘तूर द फ्रान्स’च्या अखेरच्या दिवशी पुढे-मागे दोन्ही बंद चाके लावलेले लोरां फिन्यों हे ग्रेग लेमाँड यांच्याकडून एकूण ८ सेकंदांनी हरले. लेमाँड यांनी कोपर टेकवून पुढे झुकता येईल असे हँडल आणि निमुळते हेल्मेट वापरले होते. चाकापेक्षा बसण्याची ढब मोठी, हा धडा त्या आठ सेकंदांनी दिला. तेव्हा अंगाला नीट बसणारी सायकल आणि अंगालगतचे कपडे आधी, स्पोक त्यानंतर.

मापांची भाषा

स्पोकच्या पाकिटावर ‘२.०/१.८/२.०’ असे आकडे असतात. पहिला आकडा वाकाजवळची जाडी, मधला मधल्या भागाची आणि शेवटचा आट्यांजवळची. मधला भाग बारीक असलेल्या स्पोकला ‘बटेड’ म्हणतात. एकसारख्या २ मिलिमीटर जाडीचा स्पोक ‘प्लेन’. चपट्या स्पोकच्या मधल्या मापात दोन आकडे येतात : रुंदी आणि जाडी.

बेल्जियमची सापिम आणि स्वित्झर्लंडची डीटी स्विस ही या क्षेत्रातील दोन जुनी नावे. सापिमचा ‘सीएक्स-रे’ मध्यभागी २.२ × ०.९ मिलिमीटर आहे, तर डीटीचा ‘एरोलाइट’ २.३ × ०.९ मिलिमीटर. दोन्ही टोकांना २ मिलिमीटर गोल. हे स्पोक मुळात मध्यभागी १.५ मिलिमीटर असलेली गोल तार चपटी करून घडवलेले असतात. म्हणजे धातू तेवढाच, आकार वेगळा. डीटीचाच ‘एरो कॉम्प’ हा २.३ × १.२ मिलिमीटरचा, अधिक भरीव स्पोक. याहून रुंद, ३ मिलिमीटरच्या पुढची पातीही मिळतात.

वजनाचा हिशेब असा. २६० मिलिमीटर लांबीचा प्लेन स्पोक साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरतो, ०.९ जाडीचा चपटा सुमारे सव्वाचार ग्रॅम. पुढे २४ आणि मागे २८ असे ५२ स्पोक धरले, तर संपूर्ण जोडीत सुमारे १२० ग्रॅम वाचतात, म्हणजे जेमतेम अर्धा पेला पाणी. वजनासाठी म्हणून चपटे स्पोक घेण्यात हशील नाही; १.५ मिलिमीटरचे गोल बटेड स्पोक तेवढेच हलके आणि पुष्कळ स्वस्त पडतात.

बारीक म्हणजे कमकुवत?

हा समज सर्वत्र आहे, पण तो अर्धाच खरा. १.५ मिलिमीटरच्या तारेचा छेद १.७७ चौरस मिलिमीटर असतो, २ मिलिमीटरच्या तारेचा ३.१४. म्हणजे बारीक तारेचा कडकपणा जाड तारेच्या ५६ टक्के. १०० किलोच्या ताणाला २६० मिलिमीटरची जाड तार सुमारे ०.४ मिलिमीटर लांबते आणि बारीक तार ०.७ मिलिमीटर. याचे दोन परिणाम होतात.

पहिला परिणाम चांगला. अधिक ताणली गेलेली तार खड्ड्यात रिम दबली तरी पूर्ण सैल पडत नाही आणि भार शेजारच्या स्पोकवरही वाटला जातो. त्यामुळे हबजवळच्या वाकावरचा जाच कमी होतो. नीट बांधलेल्या चाकात बटेड किंवा चपटा स्पोक प्लेन स्पोकपेक्षा अधिक टिकतो, तो यामुळेच.

दुसरा परिणाम गैरसोयीचा. चाक आडवे अधिक लवते. वजनदार स्वार चढावर उभा राहून जोर लावू लागला की रिम ब्रेकच्या रबराला घासू शकते. स्पोक तुटत नाही, पण चाक ‘सैल’ वाटते. यावर उपाय दोन : स्पोकची संख्या वाढवणे किंवा जाड पात्याचा स्पोक घेणे.

किती स्पोक, कोणत्या बाजूला?

हवेच्या दृष्टीने स्पोकचा आकार जितका महत्त्वाचा, तितकीच त्यांची संख्याही. ३६ वरून २४ वर येणे म्हणजे वारा कापणाऱ्या तारा एक-तृतीयांशाने कमी करणे. पण संख्या कमी झाली की प्रत्येक स्पोकवरचा भार वाढतो आणि एक तुटला की चाक लगेच वेडेवाकडे होते. ३२ स्पोकच्या चाकात एक तुटला तर बहुधा घरापर्यंत येता येते. १८ किंवा २० च्या चाकात रिम चौकटीला अडकून जागीच थांबावे लागण्याची शक्यता अधिक.

मागच्या चाकात उजव्या बाजूला दातेरी चक्रांचा संच असतो. त्याला जागा करून देण्यासाठी त्या बाजूचे स्पोक उभट बसतात आणि त्यांना डाव्या बाजूपेक्षा बराच अधिक ताण द्यावा लागतो. म्हणून उजवीकडे जाड पात्याचे आणि डावीकडे बारीक पात्याचे स्पोक घालणे हा जाणत्या कारागिरांचा रिवाज आहे. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकचा पीळही हबमार्फत स्पोकवर येतो. अशा चाकात स्पोक एकमेकांना ओलांडूनच हवेत, पुढच्या चाकातही. केंद्रातून सरळ जाणारी मांडणी रिम ब्रेकच्या पुढच्या चाकापुरती ठीक, तीही हबच्या उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच.

वारा सर्वप्रथम पुढच्या चाकाला भिडतो. मागचे चाक चौकटीच्या आणि पायांच्या आडोशाला असते. पैसे मोजकेच असतील तर चपटे स्पोक पुढे घालावेत आणि मागे भरवशाचे २.०/१.८ चे गोल बटेड स्पोक. आणखी एक गोष्ट : रिम जितकी खोल, तितकी उघडी राहणारी तार आखूड. ५० मिलिमीटर खोल रिमच्या चाकात स्पोकच्या आकाराने पडणारा फरक उथळ रिमच्या चाकापेक्षा कमी असतो.

हबचे छिद्र

खरेदीत सर्वाधिक फसगत येथे होते. जे-आकाराच्या वाकाचा स्पोक हबच्या छिद्रातून ओवावा लागतो आणि सर्वसाधारण हबचे छिद्र सुमारे अडीच मिलिमीटर असते. २.२ किंवा २.३ मिलिमीटर रुंदीचे पाते त्यातून जाते. ३ मिलिमीटरचे जात नाही. त्यासाठी छिद्राला कानशीने खाच पाडावी लागते. खाच पाडलेला हब दुबळा होतो आणि त्याची हमीही सहसा रद्द होते. त्यामुळे साध्या हबसाठी २.३ मिलिमीटरपर्यंतचीच पाती घ्यावीत. वाक नसलेल्या सरळ, म्हणजे ‘स्ट्रेट-पुल’ स्पोकला वेगळाच हब लागतो. दोन्ही प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

नियमांकडेही एक नजर टाकावी. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या तांत्रिक नियमांत चाकाला किमान १२ स्पोक आणि स्पोकच्या छेदाचे कोणतेही माप १० मिलिमीटरच्या आत, अशी मर्यादा आहे. ‘पारंपरिक चाक’ या व्याख्येत ही मर्यादा २.४ मिलिमीटरवर येते. प्रचलित पाती २.२ किंवा २.३ वर का थांबतात, याचे एक कारण येथेही आहे. स्पर्धेत उतरणाऱ्याने त्या वर्षीचे नियमपत्रक पाहून घ्यावे.

बांधणी आणि आऊट काढणे

चपटा स्पोक चांगला की वाईट, हे अखेरीस बांधणाऱ्याच्या हातावर ठरते. निपल फिरवताना बारीक तार आपल्याभोवती पिळली जाते. गोल तारेत हा पीळ दिसत नाही. पहिल्याच फेरीत तो ‘टण्’ असा आवाज करत सुटतो आणि चाक पुन्हा आऊट होते. चपट्या स्पोकमध्ये पीळ डोळ्यांना दिसतो, हा त्याचा मोठा आणि सहसा न सांगितला जाणारा गुण. पाते खाच असलेल्या धारकाने स्थिर धरायचे आणि मगच निपल फिरवायचे, ही त्याची रीत. पाते तिरके राहिले तर वाऱ्यासमोर रुंद बाजू येते आणि मोजलेले पैसे पाण्यात जातात. पक्कडीने पाते धरणाऱ्या कारागिराकडे असे चाक देऊ नये; दातांचे ओरखडे म्हणजे पुढच्या तुटीची सुरुवात.

ताण मोजण्याच्या यंत्रावरील आकडा तारेच्या जाडीनुसार बदलतो. कारागिराने त्या पात्याचाच तक्ता वापरला आहे ना, हे विचारून घ्यावे. ताणाची कमाल मर्यादा स्पोकवर नव्हे, तर प्रामुख्याने रिमवर ठरते. ती रिमच्या उत्पादकाने दिलेली असते. बारीक स्पोक अधिक लांबतो, हे लांबी ठरवताना लक्षात ठेवावे.

खारा वारा आणि पावसाळा

साध्या सायकलींचे जस्ताचा मुलामा दिलेले स्पोक किनारपट्टीवर दोन पावसाळ्यांत गंजू लागतात, हा अनुभव नवा नाही. चांगले चपटे स्पोक गंजरोधक पोलादाचे असतात. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. आपल्याकडचा धोका स्पोकपेक्षा निपलला अधिक आहे. ॲल्युमिनियमचे निपल हलके आणि रंगीत असतात. पण खाऱ्या हवेत, पोलादी आट्यांच्या आणि कार्बन रिमच्या सान्निध्यात ते झिजतात, आट्यांवर घट्ट बसतात आणि आऊट काढायला गेले की फुटतात. जोडीमागे २५ ते ३० ग्रॅम वजन अधिक सोसून पितळेचेच निपल घ्यावेत. बांधताना आट्यांना तेल किंवा ग्रीस लावून घ्यावे. समुद्राकाठच्या फेरीनंतर चाके गोड्या पाण्याने धुऊन पुसावीत.

कोणी घ्यावेत, कोणी घेऊ नयेत?

ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने एकट्याने लांब अंतर कापणारे, ट्रायथलॉन आणि घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत उतरणारे यांच्यासाठी चपटे स्पोक ही उचित खरेदी आहे. बसण्याची ढब, टायर आणि हेल्मेट यांची व्यवस्था आधी झालेली असावी, एवढीच अट.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटरची ४० तासांत पूर्ण करायची असते. म्हणजे किमान सरासरी वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास. तेथे रात्री-अपरात्री घाटात चाक उभे राहणे महत्त्वाचे. अशा स्वारांनी ३२ गोल बटेड स्पोक घ्यावेत. ते कोणत्याही गावातील दुकानात निदान तात्पुरते जुळवता येतात. सामान लादून प्रवास करणाऱ्यांनी आणि ९० किलोहून अधिक वजनाच्या स्वारांनी मागच्या चाकात ०.९ मिलिमीटरचे पाते टाळावे.

खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पडताळाव्यात :

• पात्याची रुंदी हबच्या छिद्रात बसते का आणि स्पोक वाकाचा हवा की सरळ.

• दहा स्पोक वजनकाट्यावर ठेवून पाहावेत. २६० मिलिमीटरच्या आसपासचे, ०.९ जाडीचे दहा खरे स्पोक ४२ ते ४३ ग्रॅम भरतात. बरेच अधिक भरले तर माल वेगळा आहे.

• कॅलिपरने जाडी तीन ठिकाणी मोजावी.

• पुढचे, मागचे उजवे आणि मागचे डावे यांच्या लांब्या वेगळ्या असतात. प्रत्येकीचे दोन जादा स्पोक त्याच वेळी घेऊन ठेवावेत. तुटल्यावर त्याच मापाचे पाते जवळच्या दुकानात मिळेलच असे नाही.

• बांधणाऱ्याकडे पाते धरण्याचे साधन आणि ताणमापक आहे का, हे पाहावे. नसेल तर गोल स्पोकच बांधून घ्यावेत. चांगल्या हाताने बांधलेले गोल स्पोकचे चाक वाईट बांधलेल्या चपट्या स्पोकच्या चाकापेक्षा वेगवानही ठरते आणि सुरक्षितही.

नवे चाक पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर एकदा कारागिराला दाखवावे. पुढे महिन्यातून एकदा शेजारचे दोन-दोन स्पोक बोटांनी दाबून पाहावेत. एखादा सैल लागला किंवा पाते फिरलेले दिसले, तर लांबच्या फेरीला निघण्यापूर्वीच ते दुरुस्त करून घ्यावे.